घरासाठी पहिली रायफल : अमेरिकेतल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. नऊ वर्षांपूर्वी आमच्यापासून दोन घरं सोडून घरफोडी झाली आणि घरात रायफल घ्यायचा विषय मीच काढला. नवरा तयार नव्हता. वर्षभर वाद घालून शेवटी घेतली. तेव्हापासून महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणीतरी जवळ सरकतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "तुमच्याकडे 'ती' आहे ना?" तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही, पोलिसात नाही. दिवसभर डेटाबेस सांभाळते आणि महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाते.

मी एच-१बी वर आहे. रायफल घेता येईल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी घेतला, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांसाठी विषय इथेच संपतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. टेक्सससारख्या सैल राज्यात राहता म्हणून त्यातून सुटका होत नाही.

कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते काढून बंदूक घेणारे देसी आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या रायफलसाठी ही वाट धरू नका. लायसन्सची मुदत संपली आणि नूतनीकरण विसरलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच कपाटातली वस्तू गुन्हा ठरते. बंदुकीच्या गुन्ह्यात इमिग्रेशनवाले दयामाया दाखवत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यालाही त्यासाठी देशाबाहेर काढता येतं. पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभं राहून मिळणारी गोष्ट त्यापायी पणाला लावायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ग्रीन कार्ड आहे. आता?

आता घेता येते. फेडरल कायद्यापुरते तुम्ही नागरिकाच्या बरोबरीचे; फॉर्मवर ग्रीन कार्डावरचा नंबर लिहावा लागतो, इतकंच. अर्ज चालू आहे, ईएडी (तात्पुरता कामाचा परवाना) हातात आहे, अशा मधल्या अवस्थेत असाल तर कार्ड येईपर्यंत थांबा किंवा इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन लेखी विचारा. दुकानातला पोरगा "हो, चालतं" म्हणाला, याला काडीची किंमत नाही.

मित्र नागरिक आहे. त्याच्या नावावर घेऊन माझ्याकडे ठेवली तर?

याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. २०२२ च्या कायद्याने तो स्वतंत्र फेडरल गुन्हा झाला आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. मित्रही अडकतो. भारतात दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड घेतल्यासारखं हे प्रकरण नाही.

खरीखुरी भेट वेगळी. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने बायकोला रायफल भेट देणं कायदेशीर आहे, पण तिला स्वतःला बंदूक बाळगायला बंदी नसेल तरच.

आई-बाबा सहा महिने इथे येऊन राहतात. त्यांचं काय?

ते व्हिजिटर व्हिसावर असतात, म्हणजे तीच बंदी. तिजोरीचा कोड त्यांना सांगू नका, किल्ली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. "बाबांना जरा गंमत दाखवू" म्हणून रेंजवर नेऊन हातात रायफल देणारे खूप आहेत, फोटोही काढतात. कायद्याचं अक्षर पाहिलं तर तेही बाळगणंच झालं. बाबांना बास्केटबॉलची मॅच दाखवा.

आई-बाबांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, जास्त गंभीरपणे.

पण मुळात रायफल हवीच का?

बहुतेकांना नको. आपल्या घरांवर पाळत राहते ती सोन्यासाठी, हे खरं आहे. गेल्या दशकात जॉर्जिया, न्यू यॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सस अशा राज्यांमध्ये भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबांना हेरून घरात घुसणारी एक टोळी पकडली गेली आणि तिच्या म्होरक्यांना लांब शिक्षा झाल्या. लग्नसराईनंतर, दिवाळीच्या आधी पोलीसही सावध करतात. मग आधी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये न्या. पाटल्या-बांगड्या तिकडे आणि इकडे रायफल घेऊन बसलात तर काही अर्थ आहे. उलटं केलंत तर काहीच नाही.

त्यानंतर दाराची चौकट. इथलं पुढचं दार पाऊण इंचाच्या स्क्रूंवर उभं असतं. तीन इंची स्क्रू आणि जाड लोखंडी स्ट्राइक प्लेट (कुलपाची जीभ जिच्यात जाते ती चौकटीवरची पट्टी) शनिवारी सकाळी तासाभरात बसते, खर्च वीस-तीस डॉलर. मग अंगणात उजेड, अलार्म, जमलं तर कुत्रा. एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल तर पुढे वाचा.

पिस्तूल, शॉटगन की रायफल?

पिस्तूल लपवायला सोपं आणि मारायला अवघड. नवख्याच्या हातात सात पावलांवरही गोळ्या भलतीकडे जातात, आणि हाताचं एक बोट जरा वाकडं झालं की नळी घरातल्या माणसावर. शॉटगनचा धक्का माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच बाईला खांदा चोळत बसवतो. पंप, म्हणजे पुढची गोळी चढवायचा सरकता दस्ता, घाबरलेला माणूस अर्धाच ओढतो आणि बंदूक अडकते.

रायफलला चार आधार असतात: खांदा, गाल आणि दोन हात. म्हणून ती स्थिर राहते आणि कमी सरावात जमते. फेडरल नियमाने दुकानातून रायफल घ्यायला वय १८ लागतं, पिस्तुलाला २१. काही राज्यांनी रायफललाही २१ केलं आहे.

कोणती घ्यावी? नाव सांगा.

तुमचं राज्य परवानगी देत असेल तर साधी, मध्यम किमतीची एआर-१५. बॅरल (नळी) १६ इंची, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ५.५६ नाटो या काडतुसाचं, पुढेमागे करता येणारा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता.

यातला "एआर" म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट ही मूळ कंपनी. युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात तिथे ही रचना केली आणि १९५९ मध्ये कंपनीने तिचे हक्क कोल्टला विकले. आज कितीतरी कंपन्या ती बनवतात आणि एकीचे बरेचसे भाग दुसरीला बसतात. साध्या भाषेत, ही रायफलमधली मारुती ८००: कुठल्याही गावात दुरुस्त होते आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला येते. एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते.

तिची खरी बाजू धक्का कमी असणं ही आहे. शिवाय स्टॉक सहा टप्प्यांत आत-बाहेर होतो. माझा नवरा पावणेसहा फूट. तो चौथ्या टप्प्यावर ठेवतो, मी दुसऱ्या. लाकडी दस्त्याची जुन्या पद्धतीची रायफल मी खांद्याला लावली की कोपर सरळ होतो, मान पुढे ताणली जाते आणि दहा मिनिटांत हात थरथरतो. दुकानात "लेडीज गन" म्हणून काहीतरी गुलाबी पुढे केलं जाईल. बाहेर निघा.

काडतुसांबद्दल एक गोष्ट पाठ करा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो दिसायला जुळी आहेत, पण ५.५६ चा दाब जास्त. ५.५६ च्या चेंबरमध्ये दोन्ही चालतात, फक्त .२२३ लिहिलेल्या रायफलमध्ये ५.५६ घालायचं नाही. कोणतं आहे ते बॅरलवर कोरलेलं असतं.

१६ इंच का? कारण त्याहून आखूड बॅरलची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली जाते आणि तिची आधी नोंदणी करावी लागते. २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी मात्र आहेच. पहिल्या रायफलला हा व्याप कशाला?

एआर नको असेल किंवा मिळत नसेल तर ९ मिलिमीटरची कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस खाणारी रायफल. रुगरची पीसी कार्बाइन तशी आहे. काडतुसं स्वस्त, आणि बंदिस्त रेंजवर जिथे रायफल चालू देत नाहीत तिथेही ही बहुधा चालते. .३०-३० किंवा .३५७ ची लिव्हर अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची रायफल, हीही वाईट नाही, फक्त भरायला वेळ लागतो. .३०८ सारख्या मोठ्या काडतुसाच्या फंदात घरासाठी पडू नका. हरणासाठी ठीक.

आम्ही न्यू जर्सीत / बे एरियात / शिकागोजवळ राहतो. तिथे?

वरचा निम्मा मजकूर तुमच्यासाठी नाही. न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा आणि दहा दिवसांची वाट, वॉशिंग्टन राज्यातही प्रशिक्षणाचा दाखला आणि कामकाजाचे दहा दिवस. न्यू यॉर्क शहरात साध्या रायफललाही वेगळा परवाना. या सगळ्या राज्यांत, शिवाय मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरिलँड, डेलावेअरमध्ये नेहमीच्या रूपातल्या एआरवर या ना त्या प्रकारची बंदी आहे आणि बहुतेक ठिकाणी मॅगझिनला (काडतुसं भरायच्या पेटीला) १० गोळ्यांची मर्यादा. कोर्टात खटले चालूच असतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं उत्तर या वर्षी धरून चालू नका. लिव्हर अॅक्शन मात्र जवळजवळ सगळीकडे मिळते.

नोकरी बदलून टेक्ससहून न्यू जर्सीला निघालेल्यांनी सामान बांधायच्या आधी हे वाचायचं असतं, ट्रक निघाल्यावर नाही.

गोळी भिंतीतून पलीकडे जाते का?

जाते. हे आपल्या लोकांच्या डोक्यात लवकर शिरत नाही, कारण आपण नऊ इंची विटांच्या घरात वाढलो. सांगलीच्या आमच्या घरात खिळा ठोकायला ड्रिल लागायचं. इथल्या घरात दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन जिप्समचे पुठ्ठे, मध्ये १६ इंचांवर एक लाकडी पट्टी, बाकी हवा. घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात दाराच्या कडीने आमच्या भिंतीला भोक पाडलं होतं. कडीने!

चोराला थांबवू शकणारी कोणतीही गोळी या भिंतीतून पार होते: पिस्तुलाची, शॉटगनचे मोठे छर्रे, रायफलची, सगळ्या. .२२३ ची हलकी, वेगवान, पसरणारी गोळी भिंतीत शिरल्यावर डळमळते किंवा तुटते आणि काही वेळा ९ मिलिमीटरपेक्षा लवकर जोर गमावते. पण "लवकर" म्हणजे पुढच्या खोलीत झोपलेल्या मुलीच्या आधी, असं लिहून कोणी देणार नाही. घरात ठेवायला सॉफ्ट पॉइंट किंवा तशीच पसरणारी गोळी घ्या आणि सरावाला साधी तांब्याच्या कवचाची, एवढाच त्यातला सल्ला.

त्याहून उपयोगाचं काम कागद-पेन्सिलने होतं. घराचा नकाशा काढा, प्रत्येकाचा पलंग मांडा, बेडरूमच्या दारात उभं राहून कोणत्या दिशेला कोण झोपतं त्या रेघा ओढा. आमच्या नकाशात नेम धरता येईल अशी एकच दिशा निघाली, जिन्याची. तिच्या पाठीमागे गॅरेजची बाहेरची विटांची भिंत आहे. बाकी सगळीकडे कोणीतरी झोपलेलं. त्या रात्री नवऱ्याचा विरोध मला पहिल्यांदा नीट कळला.

वर काय काय लावायचं?

दिवा, रेड डॉट आणि पट्टा. यादी संपली.

दिव्याशिवाय रायफल घरात ठेवू नये. अंधारात दिसतं ते "कोणीतरी", आणि कोणीतरी म्हणजे चोर नव्हे. पण रायफलवरचा दिवा शोधाशोध करायला नाही, कारण दिवा जिथे वळतो तिथे नळीही वळते. त्यासाठी उशाशी वेगळा टॉर्च हवा.

रेड डॉट म्हणजे मोठं करून न दाखवणारी, नुसता लाल ठिपका देणारी काच. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायची. हा ठिपका एआरच्या नळीपेक्षा सुमारे अडीच इंच वर बसतो, म्हणून पाच-सहा मीटरवर गोळी ठिपक्याच्या दोनेक इंच खाली लागते. नवखे लोक रेंजवर जवळचा कागद लावतात, गोळी खाली लागली की काच वाईट म्हणून परत करायला निघतात. काच चांगली असते. बॅटरी मात्र वाढदिवसाला बदला, म्हणजे विसरत नाही.

दुकानात नेमकं काय होतं?

लायसन्सधारक विक्रेता तुम्हाला फॉर्म ४४७३ देतो. ऑनलाइन मागवली तरी रायफल त्याच्याच दुकानात येते, घरी नाही. फॉर्मवर पूर्ण नाव, आणि इथे मराठी माणूस हमखास अडकतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, ग्रीन कार्डावर नुसतं आद्याक्षर, बायकांचं तर लग्नाआधीचं-नंतरचं मिळून एक वेगळंच खिचडी नाव. आयडीवर आहे तसंच पूर्ण लिहा. लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर सध्याचा पत्ता असलेलं दुसरं सरकारी कागदपत्र लागेल. माझी पहिली फेरी याच कारणाने वाया गेली.

गांजाचा प्रश्न आहे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने नाही, आणि फॉर्म फेडरल आहे. खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

मग एफबीआयच्या निक्स यंत्रणेत तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी होते. १९९८ पासून ती चालू आहे आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. कधी "डिलेड" येतं. आपल्या आडनावांना ते नवीन नाही. दुकानात आवाज चढवू नका, वाट बघा.

एकूण खर्च?

आमच्याकडे साधारण असा बसतो: रायफल ६०० ते ९०० डॉलर, रेड डॉट १५० ते ३००, दिवा १५० च्या आसपास, तिजोरी २०० ते ५००, कानाचे इलेक्ट्रॉनिक मफ ५० ते १००, दिवसभराचा क्लास १५० ते २५०, पहिल्या वर्षाची काडतुसं ४००. म्हणजे रायफलच्या किमतीइतकाच, जास्तच, खर्च बाकीच्या गोष्टींवर. बजेट कमी असेल तर रायफल स्वस्त घ्या. तिजोरी आणि क्लास कापू नका.

शिकायचं कसं? यूट्यूबवरून जमेल?

पोहणं जमलं होतं का?

विकत घ्यायच्या आधी भाड्याने चालवून बघा. पहिल्या दोन फेऱ्यांना .२२ चालवा, रुगरची १०/२२ रायफल १९६४ पासून याच कामासाठी प्रसिद्ध आहे. आवाज कमी, धक्का नाही, काडतूस काही सेंटचं. नंतर क्लास. जेफ कूपर या नेमबाजी शिकवणाऱ्याने रूढ केलेले चार नियम तिथे घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी फिरवू नका, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. भिंतीबद्दल वर जे लिहिलं ते या चौथ्या नियमाचंच घरगुती रूप.

क्लासला जाताना बंद गळ्याचं घाला. हे कोणी सांगत नाही. मी व्ही गळ्याचा कुर्ता घालून गेले होते. शेजारच्या लेनमधलं तापलेलं पितळी टरफल थेट आत. त्या क्षणी रायफल टाकून नाचावंसं वाटतं आणि नेमकं तेच करायचं नसतं. नळी पुढे, सेफ्टी लावायची, रायफल खाली ठेवायची, मग काय नाचायचं ते. कॉलरबोनखालचा डाग अजून आहे.

परतल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे बदला, मग मुलांना जवळ घ्या. बारूद आणि गोळीतलं शिसं कपड्यांवर बसतं.

घरात ठेवायची कुठे?

तिजोरीत, कुलपात, नेहमी. पलंगाखाली नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या गठ्ठ्यामागे तर मुळीच नाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. संध्याकाळी पन्नासेक माणसं. पुरुष खाली, बायका किचन आयलंडभोवती, सगळ्यांच्या पर्सेस आणि जॅकेटं आमच्या बेडरूममधल्या पलंगावर, आणि पंधरा मुलं घरभर लपंडाव खेळत. लपायची सगळ्यात आवडती जागा कोणती? बेडरूमचं वॉक-इन क्लोजेट. एका वर्षी आरतीला मुलं बोलवायला गेले तर लटकवलेल्या कपड्यांमागे तीन पोरं तिजोरीला टेकून बसलेली, एकजण मजेत कीपॅडची बटणं दाबत होता. चुकीच्या कोडचा लाल दिवा लागत होता. तिजोरी भिंतीच्या लाकडाला बोल्टने पक्की आहे आणि कोड कोणाचाही वाढदिवस नाही, म्हणून मी नुसतं "चला, आरती" म्हणाले. खाली येईपर्यंत माझे हात गार पडले होते.

मुलांना "हात लावायचा नाही" असं सांगितलंय, हे कुलूप नव्हे. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, घरच्या बंदुकीने. २०२४ मध्ये आई-वडील दोघांनाही मनुष्यवधाबद्दल १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. टेक्ससमध्येही बंदूक अल्पवयीन मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे.

आणि ज्याबद्दल मंडळात कोणीच बोलत नाही ते: या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, कॉलेजातलं पोर खोलीतून बाहेर येत नसेल, तर आता रायफल आणू नका. असेल तर घराबाहेर हलवा. काही दुकानं आणि रेंज सांभाळायला ठेवून घेतात. ९८८ या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर फोन करून बोलता येतं.

आम्ही चेंबर रिकामं ठेवतो, मॅगझिन त्याच तिजोरीत वेगळ्या कप्प्यात. बाकी काडतुसं गॅरेजमध्ये, दुसऱ्या कुलपात. यावर अनुभवी लोक हसतात, "तोवर चोर चहा पिऊन जाईल" म्हणतात. हसू देत.

रात्री आवाज आला. आता काय करायचं?

सांगते आमच्याकडे काय झालं ते. सासरे आले होते, तिसरी रात्र. तीन वाजून दहा मिनिटांनी खालून ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी धातूचं पडलं. नवरा परगावी. मी तिजोरी उघडली, हे कबूल करते. रायफल बाहेर काढली, मॅगझिन घातलं नव्हतं. दार बंद करून, दाराआडून ओरडले, इंग्रजीत: "हू इज देअर?" उत्तर नाही. मग मराठीत, जोरात: "कोण आहे खाली?" शांतता, आणि मग अगदी ओशाळवाण्या आवाजात: "अगं मीच. झोप येईना. चहाचं आधण ठेवत होतो. तुमची साखर कुठे असते?"

त्यांना ऐकायला कमी येतं आणि इंग्रजीत मारलेली हाक त्यांच्यासाठी नाहीच असं त्यांना वाटलं. दिवा का लावला नाही? "तुमची झोप मोडू नये म्हणून." रायफल कुलपात टाकून मी खाली गेले तेव्हा ते ओट्यापाशी अंधारात उभे होते, हातात गाळणं.

तेव्हापासून आमचा नियम असा. खोलीबाहेर जायचं नाही. मुलं आमच्या खोलीत, दार बंद. आधी डोकी मोजायची; पाहुण्यांसह. हाक दोन्ही भाषांत. मग ९११, पहिलं वाक्य पत्ता, कारण फोन तुटला तरी गाडी येते. फोन चालू ठेवायचा. रायफल खोलीच्या दाराकडे, बोट बाहेर. कोणी खालून टीव्ही घेऊन गेला तर जाऊ दे. टीव्हीचा विमा आहे. घरभर फिरून चोर शोधणं हे पोलीसही एकट्याने करत नाहीत. पोलीस आले की रायफल खाली ठेवायची, हात रिकामे आणि दिसतील असे. त्यांच्या दृष्टीने त्या क्षणी बंदूक धरलेला माणूस चोर तुम्हीच.

आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात रात्रभर छोटा दिवा चालू असतो. साखरेचा डबा ओट्यावर.

घरात घुसलेल्याला मारलं तर कायदा आपल्या बाजूने असतो ना?

बहुतेक राज्यांत स्वतःच्या घरात मागे हटण्याचं बंधन नाही. पण "घुसलेला" आणि "धोका वाटणं रास्त होतं" हे तुम्ही नाही, ज्युरी ठरवते. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला, चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली आणि घरमालकाच्या गोळीने मेला. फौजदारी खटल्यात मालक सुटला. दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरच्या वर भरपाई बसली. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत राल्फ यार्ल हा मुलगा भावंडांना आणायला चुकीच्या दारात गेला आणि त्याच्या डोक्यात गोळी लागली, तो वाचला. अंगणातल्या, दारातल्या, पळून जाणाऱ्या माणसावर गोळी नाही. नंतर पोलिसांना थोडक्यात काय झालं ते सांगायचं आणि वकील मागायचा.

भारतात जाताना काही काळजी?

रायफल न्यायचा प्रश्नच नाही. पण रेंजला नेलेली बॅग केबिन बॅग म्हणून नेऊ नका. कप्प्याच्या कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई-दिल्लीच्या स्कॅनरमध्ये सापडलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि "चुकून राहिलं" हे सिद्ध करायला लोकांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं आहे. आमच्याकडे रेंजची बॅग मुद्दाम भडक केशरी आहे. ती विमानतळाकडे निघाली तर कोणालाही दिसेल.

नवऱ्याला / बायकोला पटत नाही.

मग घेऊ नका. एकाची रायफल आणि दुसऱ्याची भीती एका छताखाली चालत नाही. माझा नवरा वर्षभराने तयार झाला तो दोन अटींवर: तिजोरी तो निवडणार आणि क्लासला दोघं जाणार. तो माझ्यापेक्षा चांगला नेम मारतो, हे इथेच लिहिते, त्याला सांगू नका.

खंडेनवमीला पूजेत ठेवायची का?

दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि एकदा कोणीतरी पाटावर, झेंडूच्या हारासकट मांडलेली पाहिलीही आहे. समोर दोन वर्षांचं बाळ रांगत होतं आणि तिच्यात मॅगझिन होतं. आम्ही पाटावर विळी, कात्री, नवऱ्याचा ड्रिल आणि माझा लॅपटॉप मांडतो. मग वर जाऊन तिजोरीच्या बंद दाराला हळद-कुंकवाचं बोट लावते. कीपॅडला लागू नये म्हणून जरा बाजूला.